नाव आहे, पत्ता नाही

ब्राझीलमधल्या उबेराबाच्या पोस्टात एकतीस वर्षं टपालवाटप सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला त्याच्याच घरातल्या कॉम्प्युटरनं एका सोमवारी सकाळी "या नावाचा पत्ता सापडत नाही" असं सांगावं, याला नुसता बिघाड म्हणून कसं चालेल? हा अपमान होता. निदान सेउ अदाउतो रेझेंदे यांनी तो तसाच घेतला.

इमारतीत त्यांना लहानथोर सगळे 'सेउ अदाउतो', म्हणजे अदाउतोराव, म्हणत. नुसतं 'अदाउतो' म्हणायचा अधिकार एकट्या दोना इओलांदांना, म्हणजे इओलांदाबाईंना, त्यांच्या बायकोला होता, आणि तो त्या दिवसातून चाळीसेक वेळा बजावत. नोकरीच्या काळात एकदा पाकिटावर फक्त "मावशीला, निळं दार, आंब्यासमोर" एवढंच लिहिलेलं टपाल आलं होतं. गावात निळी दारं नऊ, आणि आंबे कोण मोजतंय? सेउ अदाउतोंनी ते पाकीट तिसऱ्या दिवशी बरोब्बर मावशीच्या हातात ठेवलं. मावशीला ते पत्र नको होतं, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाला पत्ता सापडत नव्हता तो पोर्तुगालमधल्या एका विद्यापीठाचा. त्यांची एकुलती एक लेक, लिदियाने, तिकडे पाच वर्षं जुन्या कागदांवर वाढणाऱ्या बुरशीचा अभ्यास करत होती. या विषयाबद्दल दोना इओलांदांचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. बुरशी दिसली की फडकं घ्यायचं आणि पुसायची. तिच्यावर चारशे पानं लिहायची नसतात. पण चारशे पानं लिहून झाली होती, आणि गुरुवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे तिकडच्या दुपारी अडीचला, पाच परीक्षकांपुढे बसून लिदियानेला त्यातल्या ओळीओळीचा बचाव करायचा होता. हे सगळं घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसणार होतं. रेझेंदे घराण्यात आजवर डॉक्टर आले ते कुणीतरी अंथरुणाला खिळल्यावरच. घरातलंच माणूस डॉक्टर होण्याची ही पहिली वेळ. त्यामुळे दोना इओलांदांनी चौदा माणसांना आमंत्रण देऊन ठेवलं होतं. कॉम्प्युटर तारेनं मोठ्या टीव्हीला जोडायचा, सगळ्यांनी खुर्च्या मांडून बसायचं, चीजचे गरम पाव, कॉफी, आणि निकाल लागला की आटवलेल्या दुधाचा केक, असा बेत होता.

"बाबा, लिंक पाठवलीय. एकदा आधी उघडून बघा हं," लिदियाने फोनवर म्हणाली होती. "आयत्या वेळी धावपळ नको."

हे वाक्य ती बोलली नसती, तर पुढचं काहीही घडलं नसतं.

सोमवारी सकाळी लिंक उघडेना. सेउ अदाउतोंनी कुणीही शहाणा माणूस करतो ते सगळं केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. राउटरची तार काढून तिच्या टोकावर फुंकर मारली आणि परत खोचली. पाच मिनिटं पाठ फिरवून बसले, कारण काही यंत्रं कुणी बघत असलं की काम करत नाहीत. मग ते जिन्यात आले, आणि तिथंच चुकले. आपली अडचण घरात असते तोवर आपली असते. जिन्यात आणली की ती इमारतीची होते.

वरच्या मजल्यावरून सेउ वाल्देमीर उतरत होते. वाल्देमीरांनी तीस वर्षं गीर आणि नेलोरच्या वळूंचे लिलाव पुकारले होते. निवृत्त होऊनही जीभ निवृत्त झाली नव्हती. ते वेळ सांगायला लागले तरी ऐकणाऱ्याला वाटे, आपण बोली लावायला उशीर तर नाही ना केला.

"सोपं आहे, सेउ अदाउतो, सोपं आहे, एकदम सोपं!" वाल्देमीर म्हणाले. "कॉम्प्युटरला नावं कुठं कळतात? त्याला कळतात आकडे! तुम्ही नाव टाकता, तो कंपनीच्या वहीत बघतो, या नावाचा आकडा कुठला, आणि मग सुटतो त्या आकड्याकडे! आज कंपनीची वही बिघडलीय, एवढंच! दुसऱ्याची वही लावा! जगात वह्या चिकार! मी लावलीय, माझं बघा कसं पळतंय!"

सेउ अदाउतोंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर त्यांच्या भाषेत बोलत होता. वरून नाव येतं, खाली वाटप-नोंदवहीत बघायचं, क्रमांक काढायचा, पिशवीत टाकायचं. हे तर त्यांचंच खातं! एखादी गोष्ट अजिबात न कळणारा माणूस फारसं नुकसान करत नाही, तो हात बांधून बसतो. नुकसान करतो तो ज्याला ती नुकतीच कळली आहे असा माणूस.

"आकडे सांगा," ते म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढली.

वाल्देमीरांनी आकडे सांगितले. ठिपक्यांनी तोडलेले चार आकडे. ते त्यांनी अडीच सेकंदांत सांगितले, शेवटच्या आकड्यावर सवयीनं आवाज चढवून. सेउ अदाउतोंनी कागदावर लिहून घेतले, पुन्हा विचारणं कमीपणाचं वाटलं म्हणून विचारलं नाही, आणि घरात येऊन कॉम्प्युटरच्या पोटात शिरून ते जिथं भरायचे तिथं भरले.

आता सांगायला हरकत नाही, की कंपनीची वही त्याच दिवशी अकरा वाजता आपोआप ठीक झाली. कुणीतरी कुठंतरी काहीतरी दुरुस्त केलं. सेउ अदाउतोंनी त्या सकाळी फक्त एक कॉफी जास्त प्यायली असती तर गोष्ट इथंच संपली असती. पण आता त्यांचा कॉम्प्युटर कंपनीला विचारतच नव्हता. तो विचारत होता त्या कागदावरच्या आकड्याला, आणि त्या आकड्यावर कुणीच राहत नव्हतं. आधी एक लिंक उघडत नव्हती. आता काहीच उघडेना.

"माझ्या मोबाइलवर तर सगळं दिसतंय," स्वयंपाकघरातून दोना इओलांदा म्हणाल्या. "त्याच वाय-फायवर. हे बघ, चीजच्या पावाची नवी कृती."

"मोबाइलचं वेगळं असतं," सेउ अदाउतो म्हणाले. वेगळं काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं, पण संसारात काही वाक्यं माहितीसाठी बोलायची नसतात.

मंगळवारी त्यांनी कंपनीला फोन लावला. मधुर संगीत झालं, मग एक मुलगी आली. तिनं आपलं नाव सांगितलं, सेवेची संधी दिल्याबद्दल आभार मानले आणि म्हणाली, "कृपया तक्रार क्रमांक लिहून घ्या." क्रमांक पंधरा आकडी होता. सेउ अदाउतोंनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला, तारीख-वेळ घातली, खाली रेघ ओढली. तोवर फोन कटला. दुसऱ्या वेळी मुलगा आला. नवा क्रमांक, नवी रेघ. त्यानं विचारलं, राउटरवरचे दिवे हिरवे आहेत का? आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आपलं इंटरनेट चालू आहे, सर."

"पण चालत नाहीये."

"दिवे हिरवे आहेत ना, सर?"

"आहेत."

"मग चालू आहे."

एकतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला या युक्तिवादातलं सौंदर्य कळलं. त्यांनी स्वतःही खिडकीत बसून लोकांना असंच काहीसं सांगितलं होतं. पण खिडकीच्या आत बसून हे सांगणं आणि बाहेर उभं राहून ऐकणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर माणसाला निवृत्त झाल्यावरच समजतं.

तिसऱ्या फोनवर जी बाई आली ती मात्र करारी होती. राउटरच्या पाठीमागे बारीक भोक आहे, त्यात पिन घालून तीस सेकंद दाबून धरा, म्हणाली. सेउ अदाउतोंनी दोना इओलांदांच्या शिवणाच्या डब्यातली पिन घेतली आणि इमानेइतबारे तीस मोजले. शंका नको म्हणून वर पाच. राउटर एकदा डोळे मिटल्यासारखा विझला आणि पुन्हा उजळला, पण आता त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. पासवर्ड गेला, कंपनीची ओळख गेली, सगळंच गेलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला जगाबद्दल जेवढं ठाऊक असतं तेवढंच त्याला उरलं होतं, फक्त ते रडत नव्हतं. फोन अर्थातच कटला होता.

"अदाउतो!" स्वयंपाकघरातून हाक आली. "माझी कृती गेली! 'आता दोन अंडी फोडून' इतकंच वाचलं होतं. फोडून काय करायचं?"

दोन अंडी फुटली होती. घरात आता जगाशी संबंध राखणारं फक्त पत्रपेटीचं भोक उरलं होतं.

कंपनीनं बुधवारी माणूस पाठवायचं कबूल केलं. इथं दोना ओदेत यांचा प्रवेश होतो. दोना ओदेत इमारतीच्या कारभारीणबाई. बावीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि इमारत म्हणजे तीच शाळा, फक्त मुली जरा म्हाताऱ्या झाल्या आहेत, असं त्या धरून चालत. बाहेरच्या कारागिराला वर सोडायचं तर अठ्ठेचाळीस तास आधी लेखी अर्ज हवा, हा नियम त्यांनीच केला होता, आणि तो आजवर त्यांनी एकदाच शिथिल केला होता, अग्निशमन दलासाठी.

बुधवारी दहा वाजता कंपनीचा माणूस खाली दारात उभा राहिला. वर सेउ अदाउतो, मध्ये दोना ओदेत.

"अर्ज?" दोना ओदेत म्हणाल्या.

"काल संध्याकाळी दिलाय तुमच्या हातात."

"दिलात. पण त्याला अठ्ठेचाळीस तास उद्या संध्याकाळी होतात. आणि शाई काळी आहे. निळी लागते."

"दोना ओदेत, उद्या सकाळी लिदियानेची परीक्षा आहे! तुम्हालाही आमंत्रण आहे!"

"म्हणूनच सांगतेय. मी आले तर पाहुणी म्हणून येईन. आत्ता मी कारभारीण आहे."

कंपनीचा माणूस म्हणाला, "काका, मला अजून सहा घरं आहेत. तुमचं मिटलं की कळवा," आणि शिडी खांद्यावर घेऊन वळला. सेउ अदाउतो जिन्यातून खाली धावले. पायांत घरातल्या चपला होत्या, अंगात विणलेला जुना स्वेटर, आणि जुलैची, म्हणजे ऐन हिवाळ्यातली, कोरडी थंडी. त्यांनी दारातच, त्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून, निळ्या शाईनं नवा अर्ज लिहिला. अठ्ठेचाळीस तासांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. तो दोना इओलांदांनी खिडकीतून सोडवला.

"ओदेत!" त्या वरून ओरडल्या. "केकात दालचिनी घालू का नको?"

दोना ओदेत क्षणभर घुटमळल्या. "थोडी," त्या म्हणाल्या, आणि अर्जावर सोमवारची तारीख घातली.

कंपनीच्या माणसानं दहा मिनिटांत राउटरला त्याचं नाव-गाव पुन्हा शिकवलं. स्वतःचा मोबाइल जोडून दाखवला. सगळं झरझर उघडलं. "झालं," तो म्हणाला, "इथं सही करा."

"आणि कॉम्प्युटर?" सेउ अदाउतोंनी विचारलं, कारण कॉम्प्युटर अजून तेच म्हणत होता : पत्ता सापडत नाही.

"कॉम्प्युटर आमच्यात येत नाही, काका. आमचं काम भिंतीपासून या डब्यापर्यंत. डब्याच्या पुढे तुमचं नशीब."

संध्याकाळी जेवताना दोना इओलांदांनी तह मांडला. "अरे, मोबाइलवर बघू. मोबाइल चालतोय ना?"

"चौदा माणसं? या एवढ्याशा काचेत? पोरगी डॉक्टर होणार आणि आपण तिला डाळीच्या दाण्याएवढी बघायची?"

"मग काय करणार तू?"

सेउ अदाउतो ताटातल्या राजम्यातून चमचा फिरवत राहिले. त्यांचं दुःख पडद्याच्या आकाराचं नव्हतंच. खरं दुःख हे होतं, की पाचही परीक्षकांची नावं त्यांना पाठ होती, त्या गावाचा पिनकोडसुद्धा पाठ होता, आणि पोरीच्या दारापर्यंत त्यांना जाता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सहाला ते उठले, कॉफी केली आणि कॉम्प्युटरसमोर बसले. या वेळी कशालाही हात लावला नाही. हरवलेल्या टपालाचा माग काढताना पोस्टात जे करायचे तेच त्यांनी केलं : शेवटी कुठं दिसलं होतं तिथून मागे चालत यायचं. राउटरचं स्वतःचं पान नावानं उघडत नाही, आकड्यानं उघडतं, असं कंपनीच्या माणसानं काल जाता जाता सांगितलं होतं. त्यांनी आकडा टाकला. पान उघडलं. म्हणजे घरापासून डब्यापर्यंत रस्ता शाबूत. डब्याच्या पुढे मोबाइल जातोच आहे. म्हणजे तोही रस्ता शाबूत. पोस्टमन आहे, पिशवी आहे, सायकल आहे. अडतंय ते फक्त नावाचा आकडा काढून देणाऱ्यापाशी. आणि त्या जागेवर कुणाला बसवलं होतं? त्यांनीच. सोमवारी.

ते कागद घेऊन वर गेले. सेउ वाल्देमीरांनी रात्रीच्या कपड्यांतच दार उघडलं.

"ते आकडे पुन्हा सांगा," सेउ अदाउतो म्हणाले. "पण हळू."

"हळू?" वाल्देमीरांनी असा चेहरा केला, जणू कुणी त्यांना पाण्याखाली गायला सांगितलंय. पण शेजारधर्म म्हणून त्यांनी प्रयत्न केला. पहिला आकडा आला. थांबले. घाम पुसला. दुसरा आला. तिसऱ्याला ते म्हणाले, "साठ."

सेउ अदाउतोंच्या कागदावर होतं सत्तर.

लिलाव पुकारणाऱ्याच्या तोंडी साठ आणि सत्तर यांत फरक असतो तो फक्त श्वासाचा, आणि वाल्देमीर सोमवारी श्वास घ्यायला थांबले नव्हते. पण सेउ अदाउतोंनी त्यांना दोष दिला नाही. लिहून घेतलेला आकडा परत वाचून दाखवायचा, हे त्यांनी स्वतः दोन पिढ्यांच्या पोस्टमनना शिकवलं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाकीट चुकीच्या दारी गेलं नव्हतं, आणि आता तीन दिवस घरातला प्रत्येक प्रश्न ते स्वतःच्या अक्षरात चुकीच्या दारी पाठवत होते.

"चुकलं होतं की काय काही?" वाल्देमीरांनी विचारलं.

"नाही," सेउ अदाउतो म्हणाले. "खात्री करत होतो."

खाली येऊन त्यांनी सत्तरचे साठ केले. लिंक उघडली. पडद्यावर पोर्तुगालमधलं एक रिकामं दालन दिसलं, लांब टेबल आणि पाण्याची बाटली. सेउ अदाउतोंनी त्या कागदाचे आठ तुकडे केले आणि बायको येण्याआधी कचऱ्यात टाकले. "झालं दुरुस्त," ते म्हणाले. "आतलं जरा किचकट होतं."

साडेदहाला खोली भरली. दोना ओदेत पाहुणी म्हणून आल्या होत्या, तरी खुर्च्यांची रांग त्यांनीच सरळ करून घेतली. टीव्हीवर लिदियाने दिसली, काळा कोट, केस मागे बांधलेले, हातात पेन. चौदा माणसं एकदम म्हणाली, "अगंबाई!" टेबलाशी चार परीक्षक बसले होते. पाचव्याची चौकट काळी होती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. पाचवे परीक्षक, प्रोफेसर अब्रांतेस, ब्राझीलमधल्याच कुरितिबाहून आपल्या घरातून सहभागी होणार होते, पण त्यांना आत येता येत नव्हतं. नियमानुसार अर्धा तास थांबता येईल. त्यानंतर परीक्षा पुढे ढकलावी लागेल, आणि ऑगस्टात विद्यापीठ बंद असल्यानं पुढची तारीख ऑक्टोबरात.

खोलीत कुणीतरी पाव खाता खाता थांबलं. लिदियानेला एक सप्टेंबरला तिथल्या एका संग्रहालयात रुजू व्हायचं होतं, आणि पदवी हातात नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हे चौदाही जणांना माहीत होतं, कारण दोना इओलांदांनी ते प्रत्येकाला दोनदा सांगितलं होतं.

मोबाइल वाजला. दोना इओलांदांनी मेसेज मोठ्यानं वाचला. "आई, प्रार्थना कर. प्रोफेसरांच्या कॉम्प्युटरवर येतंय, या नावाचा पत्ता सापडत नाही."

सेउ अदाउतो खुर्चीतून उठले. त्या क्षणी त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचं पुढे एकमत होतं, की ते एरवीपेक्षा उंच दिसले.

"प्रार्थना राहू दे," ते म्हणाले. "त्यांचा नंबर मागव."

फोन तिसऱ्या रिंगला उचलला गेला. पलीकडचा आवाज जाड आणि चिडलेला होता.

"कोण?"

"पत्त्यांच्या विभागातून बोलतोय, सर," सेउ अदाउतो म्हणाले. यातला एक शब्दही खोटा नव्हता. कुठल्या देशातला विभाग आणि कधीचा, हे पलीकडच्यानं विचारलं नव्हतं.

"विद्यापीठातून? देवा! ऐका, मी सगळं दोनदा बंद करून चालू केलंय."

"ते सगळेच करतात, सर. मोबाइलवर लिंक उघडते का?"

"माझा मोबाइल फक्त बोलतो."

"राउटरला पिन टोचलीत का?"

"कुठली पिन?"

"देव पावला. टोचू नका." सेउ अदाउतोंनी खुर्ची ओढून घेतली. "आता मी सांगतो तसं करा. आपण वही बदलतोय."

सेउ वाल्देमीर मदतीला तोंड उघडणार इतक्यात सेउ अदाउतोंनी न बघताच हात वर केला, आणि लिलाव पुकारणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. एकेक आकडा सेउ अदाउतोंनी असा सांगितला, जणू नोंदणी केलेलं पाकीट सही घेऊन हातात देताहेत. सगळे संपल्यावर म्हणाले, "आता मला परत वाचून दाखवा, सर."

"कशाला? लिहिलंय मी बरोबर."

"मलाही तसंच वाटलं होतं, सर. वाचा."

प्रोफेसरांनी वाचलं. तिसऱ्याला म्हणाले, "सत्तर."

"साठ. सहावर शून्य."

पलीकडे कागदावर खोडल्याचा आवाज आला. भिंतीवरच्या घड्याळात दहा अठ्ठावन्न. मग टीव्हीवरची काळी चौकट उजळली, आधी तिच्यात एक भलंमोठं कपाळ आलं, मग ते मागे सरलं आणि दोन दाट पांढऱ्या भुवया दिसल्या. उबेराबात टाळ्यांचा कडकडाट झाला. पोर्तुगालमध्ये लिदियानेनं कपाळावरचा घाम पुसला. दोना ओदेत यांनी सेउ अदाउतोंच्या खांद्यावर हात ठेवला, हे त्यांच्या नियमांत बसत नव्हतं.

पहिल्या चार परीक्षकांनी कौतुक केलं, दोन-दोन सौम्य प्रश्न विचारले आणि ते पाणी प्यायले. मग प्रोफेसर अब्रांतेस यांची पाळी आली. त्यांनी चष्मा लावला, प्रबंध उचलला, आणि त्यातून बाहेर डोकावणाऱ्या पिवळ्या खुणेच्या चिठ्ठ्या बघून खोलीतल्या सगळ्यांनी हातातले पाव खाली ठेवले.

"पान बारा," ते म्हणाले.

पान बारावरून ते पान एकोणचाळीसवर गेले. तिथून एकशे चारवर. ही बुरशी तिथं कशी आली? हे कशावरून? हे कुणी मोजलं? ते चूक असेल तर? लिदियाने उत्तर देत होती, कागद चाळत होती, पुन्हा उत्तर देत होती. पन्नास मिनिटं झाली. पाव थंड झाले. दोना इओलांदांनी मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि इतकं सावकाश त्यांनी त्याच्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"तुलाच घाई होती," त्या म्हणाल्या. "याला आत आणायची."

सेउ अदाउतोंच्या हातात अजून फोन होता. साठचे पुन्हा सत्तर करायला एक वाक्य पुरलं असतं. 'पत्त्यांच्या विभागातून बोलतोय सर, एक छोटी दुरुस्ती आहे.' पान दोनशे बारापाशी त्यांचा अंगठा नंबरावर गेलासुद्धा. पण टपाल कितीही वाईट असलं तरी ते फाडायचं नसतं. त्यांनी फोन उशीखाली सरकवला आणि वर स्वतः बसले.

दोनशे बारा पानावर मात्र लिदियाने थांबली. तिनं पेन खाली ठेवलं. "सर," ती म्हणाली, "इथं तुमचं म्हणणं बरोबर नाही." आणि शांतपणे, एकेक मुद्दा मांडत, तिनं ते का बरोबर नाही ते सांगितलं. बुरशीबद्दलचं एक अक्षर उबेराबातल्या कुणाला कळलं नाही. पण तिचा आवाज सगळ्यांना कळला. दोना इओलांदांनी नवऱ्याचा हात धरला आणि नखं रुतवली. पांढऱ्या भुवया बराच वेळ हलल्या नाहीत. मग प्रोफेसर अब्रांतेस म्हणाले, "हं," आणि पुस्तक मिटलं.

परीक्षक आत गेले, बाहेर आले. एकमतानं, विशेष गुणवत्तेसह. खोलीत जो आवाज उठला त्यानं खालच्या मजल्यावरचा कुत्रा पुढचा तासभर भुंकत राहिला. लिदियाने रडत होती, दोना ओदेत रडत होत्या, वाल्देमीर काय करत होते ते वेगामुळे कळलं नाही. एवढ्यात अध्यक्ष हसून म्हणाले, "डॉक्टर लिदियानेचे आईवडील ब्राझीलहून बघताहेत असं कळलं. त्यांचा आवाज सुरू करतो. वडिलांनी दोन शब्द बोलावेत."

टीव्हीवर पाच परीक्षक इकडे बघू लागले. पांढऱ्या भुवयाही.

सेउ अदाउतोंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. या क्षणासाठी त्यांनी चार दिवस एक भाषण पाठ केलं होतं, आजोबांपासून सुरू होणारं. पण तोंडातून शब्द निघाला की तो आवाज कुणाचा हे एका माणसाला बरोबर कळणार होतं, आणि त्या माणसाच्या सहीवर लेकीची पदवी होती. त्यांनी हात हलवला. मान डोलावली. घशाकडे बोट दाखवलं.

"त्यांचा घसा बसलाय," दोना इओलांदा म्हणाल्या.

"बाबा?" लिदियाने म्हणाली. पाच वर्षं दर रविवारी ती याच स्वरात फोन उचलायची.

मग काही इलाज राहिला नाही.

"शाब्बास, पोरी," सेउ अदाउतो म्हणाले.

प्रोफेसर अब्रांतेस यांच्या भुवया सावकाश वर गेल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कॅमेऱ्याजवळ येऊन पाहिलं. पोर्तुगालमध्ये कुणाला काहीच कळलं नाही. लिदियानेनं ओठ दातांत धरला.

"सह्या झाल्या आहेत," शेवटी प्रोफेसर म्हणाले. चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, यावर इमारतीत नंतर दोन तट पडले. "नाहीतर मला आणखी एक प्रश्न विचारावा लागला असता."

"आणखी एक?" दोना इओलांदा म्हणाल्या. त्या उठल्या, टीव्हीपाशी गेल्या, आणि भिंतीतली तार मुळापासून उपटली.